जिप्सीचा कायापालट

मारुती जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली. पुढे-मागे पाटे, मागच्या भागात समोरासमोर बाकडी, एसीच्या जागी उघडणारी ताडपत्री. लष्कराची आणि पोलिसांची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. तीच जुनी जिप्सी 'शनिवार-रविवारी घरच्यांसाठी' घेतली जाते, तेव्हा आजीला चढायला पायरी हवी असते, मुलांना सीटबेल्ट आणि सगळ्यांनाच शाबूत मणके.

खर्चाचा क्रम नेमका उलटा. आधी येतात मड टायर. डांबरी रस्त्यावर ते पिठाच्या गिरणीसारखे घुमतात. मग नदी ओलांडायला स्नॉर्केल, जरी ओलांडायचे असते ते सोसायटीच्या फाटकापुढचे डबके. मग विंच, ज्याच्या दोरावर ओले टॉवेल झकास वाळतात. बुलबार केंद्राने २०१७ मध्येच बेकायदा ठरवला, आणि मूळ रचनेतल्या फेरफाराला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. म्हणून १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी अगदी सोज्वळ रूपात जाते. उतरवलेला ऐवज तोवर बाल्कनीत तुळशीशेजारी थांबतो आणि संध्याकाळी पुन्हा चढतो. आजीची पायरी 'पुढच्या महिन्यात'.

फोर-व्हील-ड्राइव्हचा छोटा दांडा ताम्हिणी घाटात, कणसाच्या टपरीपाशी, सपाट जागेवर एकदा ओढून दाखवला जातो. घरची मंडळी तेव्हा मागून हॅचबॅकमध्ये, काचा वर करून, एसी लावून येत असतात.