नसलेल्या माणसांची पत्रं

आमच्या ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळतो, म्हणून मी पोस्टमास्टर. पदाला मान आहे, भत्ता नाही. मेल घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता चालू असलाच पाहिजे असा नियमच आहे. त्यामुळे जगात ज्या पत्राचं कुणीच नाही, ते शेवटी माझं.

कुठला तरी भामटा ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’ अशी नावं अंदाजाने आमच्या पत्त्यावर ठोकून देतो आणि मर्दानगीच्या गोळ्या विकतो. पाठवणाऱ्याचं नावही बनावट. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्वान मंडळी होती. समोरचा सांगेल ते नाव खरं धरायचं, असा मामला. आमच्या बाहेरच्या, म्हणजे मेल आधी घेणाऱ्या, सर्व्हरकडे कर्मचाऱ्यांची यादी नव्हती. तो ‘या, बसा’ म्हणून सगळं घ्यायचा, आतला सर्व्हर ‘असं कुणी नाही’ म्हणायचा, मग बाहेरचा नम्रपणे खेदपत्र लिहायचा. मुलगी द्यायची नसताना पत्रिका ठेवून घ्यायची आणि आठवड्याने ‘जुळत नाही’ कळवायचं, तसलंच हे.

पण पाठवणाराच बनावट, मग खेदपत्र जाणार कुठे? आमचा मेलचा प्रोग्राम सेंडमेल बिचारा ५ दिवस रांगेत उभा राहून प्रयत्न करी आणि हरला की खेदपत्राच्या खेदासह माझ्याकडे येई. अशा खेदपत्रावर, म्हणजे बाउन्सवर, प्रेषकाची जागा कोरी ठेवायची सोय पोस्टेलनी केली होती, म्हणून बरं; नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांची क्षमा मागत कल्पांतापर्यंत बसले असते. त्याहून वाईट म्हणजे बनावट पत्ता कधीकधी खऱ्या माणसाचा निघे. ‘आपण पाठवलेल्या गोळ्यांची जाहिरात पोचू शकली नाही’ हे वाचून एका सद्गृहस्थांनी मला उलट पत्र लिहिलं. भाषा पोस्टमास्टरला उद्देशून नव्हती.

उपाय साधा. कर्मचाऱ्यांची यादी बाहेरच्या सर्व्हरला द्यायची, म्हणजे तो दारातच ‘एरर ५५०, असं कुणी नाही’ म्हणेल. पत्र घेतलंच नाही, तर परत करायचा प्रश्न येतो कुठे?

साहेब कळवळले. “अहो, असं तोंडावर नाही म्हणायचं? चुकून एखाद्या क्लायंटनं स्पेलिंग चुकवलं तर?”

“त्याला त्याचाच सर्व्हर कळवतो, साहेब. आपण नाही.”

“म्हणजे वाईट बातमी त्यांच्याच माणसाने सांगायची?”

“हो.”

“मग आधी का नाही बोललात?” म्हणत साहेबांनी सही केली.