फॉर्ममधले काका ठणठणीत आहेत

महाराष्ट्रातली निरोगी माणसं बघायची असतील तर तालमीत जाऊ नका. आरोग्य विम्याचे प्रपोजल फॉर्म उघडा. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. कुठली औषधं, तपासण्या, ऑपरेशन? नाही, नाही, नाही. तंबाखू? छे! प्रत्यक्षात हे काका 52 वर्षांचे, जेवणाआधी एक आणि जेवणानंतर दोन गोळ्या घेणारे. फॉर्ममध्ये मात्र त्यांना साधी सर्दीही झालेली नाही.

हा चमत्कार करणारा एजंट बहुधा ओळखीतला असतो, साडूच्या मित्राचा भाचा वगैरे. ‘शुगर आहे का?’ असं तो कधीच विचारत नाही. तो विचारतो, ‘‘काका, तसं काही नाही ना?’’ आता यावर मराठी माणूस काय सांगणार? ‘‘छे, तसं काही नाही. सकाळी एक बीपीची गोळी असते, एवढंच.’’ ‘‘मग ते कशाला लिहायचं? उगाच हप्ता वाढेल.’’ टिक.

आणि मग येतो ओटीपी. पूर्वी सही करायची म्हणजे माणूस निदान चष्मा तरी शोधायचा. आता चष्म्याची गरज उरली नाही. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असं बँक, मुलगा आणि फोनवरची ती बाई दिवसातून दहा वेळा बजावतात. काका ते इतकं मनावर घेतात की सख्ख्या भावाला गॅसवाल्याचा ओटीपी सांगत नाहीत. एजंट समोर बसला की मात्र खणखणीत आवाजात आकडे वाचतात, तेही दोनदा. फोन चार्जिंगला आत असेल तर सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडून सांगतात, दूध उतू जायच्या आत. त्या सहा आकड्यांचा अर्थ असा, की वरील सर्व प्रश्न मी वाचले, मला ते समजले आणि दिलेली उत्तरं खरी व पूर्ण आहेत. काकांच्या स्वादुपिंडाबद्दलचं गंभीर प्रतिज्ञापत्र असं कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये उरकतं.

दोन वर्षांनी छातीत दुखतं आणि कॅज्युअल्टीत अख्खं घर राजा हरिश्चंद्र होतं. डॉक्टरांनी ‘‘काही जुनं दुखणं?’’ विचारायचा अवकाश, काकू सुरू होतात. शुगर दहा वर्षं, बीपी आठ, आणि गोळ्या चुकवतात हो. मेहुणे मागून म्हणतात, ‘‘तंबाखू पण लिहा.’’ डॉक्टर लिहितात. तिथे खरंच सांगायला हवं, जिवाचा प्रश्न असतो. पण तोच केस पेपर क्लेमला जोडला जातो, आणि क्लेम फेटाळला जातो.

काका खोटं बोलले, मान्य. पण कंपनीबाई, तुम्ही काय केलंत? हप्ता घेताना तुम्हाला काकांच्या रक्ताचा एक थेंब नको होता. ‘वैद्यकीय तपासणीची गरज नाही’ हे तर तुम्ही जाहिरातीत मिरवलंत. क्लेम येताच मात्र तुमचा माणूस मोटारसायकल काढतो, फॅमिली डॉक्टरांना गाठतो, औषधाच्या दुकानातली जुनी बिलं उकरतो. एवढा हुशार माणूस पदरी असताना त्याला आधी का नाही पाठवलात? आणि ज्याने टिका मारल्या, तो कमिशन घेऊन केव्हाच पुढच्या काकांकडे गेला. आता तो फोन उचलत नाही.

2024 पासून नियम असा आहे, की पॉलिसी सलग 60 महिने चालू ठेवली, की माहिती दडवली एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध करावी लागते. पूर्वी ही मुदत 8 वर्षांची होती. एजंटांनी याचाही मंत्र केला : ‘‘काका, फक्त पाच वर्षं आजारी पडू नका!’’ आता हिशेब बघा. खरं लिहिलं तर हप्ता थोडा वाढतो, आणि जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं. फार तर एखादी कंपनी नको म्हणेल, दुसरीकडे जाता येतं. खोट्यासाठी 5 वर्षं जीव मुठीत धरायचा, शिवाय फसवणुकीचा ठपका त्यानंतरही चुकत नाही. तरी टिक ‘नाही’वरच.

काका, पॉलिसीबरोबर भरलेल्या फॉर्मची प्रत येते. आली नसेल तर मागा. चष्मा लावा आणि वाचा. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. ठेवायची असेल तर चुकीच्या टिका कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.