शेरा: अक्षर सुधारा

पंचवीस वर्षं दहावीचे गणिताचे पेपर तपासल्यावर माणसाला दिसेल त्याला गुण द्यायची खोड लागते. लग्नातल्या जिलबीला मी मनातल्या मनात सात देतो, न्हाव्याला साडेपाच. त्यामुळे परदेशी इंडी अल्बम ऐकायला लागल्यावर मी दोनशे पानी वही आणली आणि लाल पेनाचं टोपण काढलं, यात नवल नाही. इंडी म्हणजे मुळात बड्या कंपन्यांच्या दावणीला न बांधलेलं, छोट्या लेबलांवरचं संगीत. पुढे दावणीला बांधलेलेही स्वतःला इंडी म्हणवू लागले. अपक्ष आमदारांचं होतं तसंच.

गुण दहापैकी, एका दशांशापर्यंत. ही पद्धत पिचफोर्क या अमेरिकेतल्या संगीत-परीक्षणाच्या संकेतस्थळाची. त्यांनी 2000 साली रेडिओहेडच्या 'किड ए'ला दहापैकी दहा दिले आणि 2006 साली जेट नावाच्या बँडच्या अल्बमला चक्क शून्य. परीक्षणाच्या जागी काय, तर स्वतःच्याच तोंडात लघवी करणाऱ्या माकडाची चित्रफीत! मी मॉडरेटर असतो तर दोन्ही पेपर परत धाडले असते. निबंधाला पैकीच्या पैकी द्यायचे नसतात हे आमच्या मराठीच्या बाईंनाही ठाऊक आहे, आणि आसन क्रमांक नीट लिहिणाऱ्याला भोपळा देताना माझा तरी हात धजत नाही.

माझं सगळ्यांत आवडतं पान पेव्हमेंटच्या 'स्लँटेड अँड एन्चांटेड'चं, साल 1992. समास सोडलेला नाही, उत्तराखाली रेघ नाही, अक्षर गिचमिड. पण पायऱ्या बरोबर. 8.8. शेरा: अक्षर सुधारा. (सुधारलं असतं तर 7 दिले असते.)

सर्वांत जास्त खाडाखोड आहे ती माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या 'लवलेस'च्या पानावर. 1991चा हा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा बायको आतून ओरडली, "अहो, मिक्सर कोणी चालू केला? मी खोबरं घातलंच नाहीये अजून!" तिचं चुकलं नव्हतं. गिटारींचे थरावर थर, आणि केव्हिन शील्ड्स वाजवताना ट्रेमोलोची दांडी हातातून सोडतच नाही, त्यामुळे सूर जत्रेतल्या पाळण्यासारखा वरखाली होतो. बाईचा आवाज शेजारच्या खोलीत कुणी झोपेत बोलावं तसा. शब्द कळेनात म्हणून दीड गुण कापून 6.5 दिले. पुढे रात्री दिवा मालवून ऐकला, 7.8. बायको माहेरी गेली त्या आठवड्यात 9.1. ती परतली, 8.3.

या अल्बमला दोन वर्षं आणि एकोणीस स्टुडिओ लागले, आणि त्यांचा पुढचा अल्बम आला थेट 2013 साली. बावीस वर्षांनी! आमच्या इमारतीचा पुनर्विकास बारा वर्षं रखडलाय. बिल्डरला हे मी सांगितलेलं नाही, उगाच त्याची उमेद वाढायची.

बॉन इव्हेरच्या 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो'ची हकिकत मात्र बायकोला सांगितली. जस्टिन व्हर्नन प्रेमभंग आणि आजारपण घेऊन विस्कॉन्सिनच्या रानात वडिलांच्या लाकडी घरात गेला आणि हिवाळाभर एकटाच गात, रेकॉर्ड करत बसला.

"आणि जेवण?"

"हरणाची शिकार केली म्हणतात."

तिनं हातातली मेथी खाली ठेवली. "म्हणजे पोळी-भाजी नाहीच?" मग बराच वेळ गाणं ऐकत राहिली. 8.4 होते, तिच्या आग्रहावरून 0.3 ग्रेसचे दिले. बोर्डाच्या नियमात बसत नाही, पण रीचेकिंगला कोण येणार आहे?

आलं की. काल 'लवलेस'चं पान उघडलं तर माझ्या लाल आकड्यांखाली निळ्या बॉलपेननं ठसठशीत 4 लिहिलेले आहेत. दशांश चिन्हसुद्धा नाही. पुढे शेरा: "आवाज कमी करा."