'नाऊ'चं 'देन' करणारा कारखाना

इंग्रजी शिकवण्याच्या नावाखाली आपल्या वर्गांत एक कारखाना चालतो. एका टोकाने डायरेक्ट वाक्य आत ढकलायचं, दुसऱ्या टोकाने इनडायरेक्ट बाहेर काढायचं: अवतरणचिन्हं उडवा, 'नाऊ'चं 'देन' करा, 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे'. कोण, कुणाला, कधी सांगतंय, ही चौकशी निषिद्ध. वास्तविक सांगितलेली गोष्ट अजून खरी असेल, तर इंग्रज माणूस क्रियापदाचा काळ खुशाल जागच्या जागी ठेवतो. निरोप आजच पोचवायचा असेल, तर त्याचा 'टुमारो'ही हलत नाही. आपल्या उत्तरपत्रिकेत बिचाऱ्याचे मार्क जातील! 'इफ'चंही तेच. शून्यापासून तीनपर्यंत चार प्रकार पाठ करून घेतात; पण 'पाऊस झाला असता तर आज विहिरीला पाणी असतं' हे साधं वाक्य इंग्रजीत अर्धं तिसऱ्या प्रकारात, अर्धं दुसऱ्यात पडतं.

नवशिक्याला नियम हवेत, हे मान्य. असे प्रश्न तपासायला सोपे, हेही मान्य (सोय परीक्षकाची, शिक्षा मुलाची). पण मराठी मूल 'अभ्यास केला असता तर पास झालो असतो' ही पळवाट घरूनच शिकून येतं. त्याला कल्पना नवी नाही, रचना नवी आहे. त्याची खरी अडचण काळ मागे सरकण्याची, कारण 'ती म्हणाली की ती आजारी आहे' यातलं 'आहे' मराठीत हलत नाही. दोन भाषांतला नेमका हाच फरक फळ्यावर येत नाही. 'डू ॲज डायरेक्टेड' या प्रश्नात वाक्य फिरवण्याचे मार्क मिळतात, निरोप पोचवण्याचे नाहीत.