कुडपणची वसुली

माझ्या साडूंना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण क्रेडिट कार्डांचे वाढदिवस तोंडपाठ आहेत. अशी सात कार्डं त्यांच्याकडे आहेत. सातही एका पाकिटात आणि ते पाकीट पँटच्या मागच्या खिशात, त्यामुळे साडू कुठेही बसले की जरा डावीकडे कललेले दिसतात. किराणा कुठल्या कार्डाने, विमानाचं तिकीट कुठल्याने, जेवणाचं बिल कुठल्याने, याचा तक्ता त्यांनी एक्सेलमध्ये केला आहे. हॉटेलात बिल आलं की आपण खिशाकडे हात नेल्याचं नाटक करतो, साडू खरोखर नेतात. सगळ्यांचं बिल तेच भरतात. आपापला वाटा आम्ही त्यांना रोख द्यायचा. पॉइंट त्यांचे.

हा आजार मला घरचाच. माझे वडील एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास काढायचे. १९८८ सालची ही योजना. एकदा पैसे भरा आणि पासाची मुदत संपेपर्यंत वाटेल तिथे हिंडा. वडिलांनी एका पासात पंढरपूर, तुळजापूर, शेगाव आणि माहूर उरकलं. देवळात दहा मिनिटं, एसटीत सोळा तास. घरी आले तेव्हा त्यांचे पाय सुजले होते, पण आईने 'कसा झाला प्रवास?' विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, "पास वसूल झाला." आपल्याकडे सुखाची हीच व्याख्या आहे. थाळी अमर्याद असली की आपण भुकेपुरतं जेवत नाही, वसूल होईपर्यंत जेवतो.

साडूंचं दैवत मात्र परदेशी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली प्रवाशांना मैल द्यायला सुरुवात केली, तिथून हे सगळं वाढलं, असं ते सत्यनारायणाच्या पहिल्या अध्यायासारखं सांगतात. पाचवा अध्याय डेव्हिड फिलिप्सचा. हा कॅलिफोर्नियातला इंजिनिअर. १९९९ साली एका खाद्यपदार्थाच्या कंपनीने वेष्टनावरच्या पट्ट्या पाठवणाऱ्यांना विमानाचे मैल देऊ केले. फिलिप्सने हिशोब मांडला आणि सगळ्यात स्वस्त वस्तू शोधली, ती निघाली पुडिंग. त्याने १२,१५० वाट्या पुडिंग विकत घेतलं. खर्च सुमारे ३,१४० डॉलर, मिळाले साडेबारा लाख मैल. पण एवढ्या वाट्यांच्या पट्ट्या सोडवणार कोण? त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केलं आणि त्यांच्या स्वयंसेवकांकडून पट्ट्या सोडवून घेतल्या. वर दानाबद्दल करात सूट घेतली ती वेगळी. इथे आले की साडूंचा आवाज भरून येतो.

ऑगस्टमध्ये साडूंनी आम्हाला महाबळेश्वरला नेलं. हॉटेलची एक रात्र पॉइंटांवर, म्हणजे फुकट. गाडी डोंबिवली सोडायच्या आतच आमच्या हिने विचारलं, "भावोजी, फुकट म्हणजे कितीला पडली?"

"सोळा हजार पॉइंट."

"पॉइंट केवढ्याचा?"

"पंचवीस पैशांचा. म्हणजे चार हजारांची खोली. वर पॉइंट वटवायचे ९९ रुपये आणि त्यावर जीएसटी."

"आणि पॉइंट मिळतात कसे?"

"शंभर रुपये खर्चले की दोन."

ही गप्प बसली. कळंबोली आलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे खोली आठ लाखांना पडली."

साडूंनी गाडीचा वेग वाढवला. महाबळेश्वरला जाणारे सगळे पुण्यावरून जातात, आम्ही पोलादपूरवरून निघालो होतो. कारण एक्सप्रेस-वेचा टोल फास्टॅगमधून जातो आणि साडूंच्या एकाही कार्डाला फास्टॅग भरल्याचे पॉइंट नाहीत. पेट्रोलचे नाहीत, घरभाड्याचे नाहीत, सरकारी भरण्याचे नाहीत. माणसाला जो खर्च करावाच लागतो तो बहुतेक यादीबाहेर असतो. जो करायची गरज नसते, त्याला दुप्पट पॉइंट.

२०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने आम्ही महाड गाठलं, मग पोलादपूर. इथून सरळ गेलं की कशेडी, डावीकडे वळलं की आंबेनळी घाटातून महाबळेश्वर. साडूंनी गाडी भलत्याच फाट्याला घातली. "कुडपणचा धबधबा बघू. तिकीट नाही. फुकटच आहे."

रायगड, रत्नागिरी आणि सातारा हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना खेटतात, त्या कोपऱ्यात सह्याद्रीच्या कुशीत कुडपण आहे. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच पोलादपूर तालुक्यात, आणि कुडपण हे शेलारमामांचं गाव म्हणून सांगतात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी पडल्यावर लढाई पुढे नेणारे ते शेलारमामा. तेव्हा ते ऐंशीचे होते असं लोक मानतात. मी मनातल्या मनात त्यांना मुजरा केला. मला त्या रस्त्याच्या वळणांनी पन्नाशीतच मळमळत होतं.

गावात पोचलो तर गाव नव्हतं, धुकं होतं. धुक्यातून पाण्याचा आवाज येत होता आणि एक म्हैस येत होती. धबधब्याच्या दिशेला आम्ही अर्धा तास छत्र्या धरून उभे राहिलो. भीमाची काठी नावाचा सुळका इथे आहे हे ठाऊक होतं, पण भीम स्वतः समोर उभा असता तरी दिसला नसता. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि धुकं चादर ओढल्यासारखं बाजूला गेलं. समोर काळा कातळ, त्यावरून कोसळणारं पाणी, खाली इतकी खोल दरी की पाणी तळाला पोचायच्या आधीच त्याचा धूर होऊन परत वर येत होता. भाताच्या खाचरांचा तो हिरवा रंग तर कुठल्याच कापडाला जमलेला नाही. दोन मिनिटं. मग धुकं परत आलं. मेहुणी म्हणाली, "वसूल झालं." साडूंनी मान डोलावली. त्या वेळी ते खरंच सुखी होते.

फोटो पाठवायचे म्हणून आम्ही एकाला रेंजबद्दल विचारलं. त्याने वरच्या टेकाडावरच्या जांभळीकडे बोट दाखवलं. "त्या झाडाखाली येती. पण हलायचं नाय." साडू जांभळीखाली जाऊन न हलता उभे राहिले. फोन पाच-सहा वेळा वाजला आणि साडूंचा चेहरा पडला.

त्या दिवशी त्यांच्या सगळ्यात लाडक्या कार्डाचा वाढदिवस होता. म्हणजे रात्री बाराला त्याचं वर्ष संपणार होतं. वर्षात चार लाख खर्च झाले की दहा हजार पॉइंटांचा बोनस, म्हणजे माइलस्टोन. साडूंनी ४,००,१२० रुपये खर्चून ठेवले होते. आणि आता मेसेज आला होता, 'रु. ४,८६० आपल्या कार्डवर परत जमा.'

"मिक्सर परत पाठवला मी," मेहुणी शांतपणे म्हणाली. "घरातला तिसरा होता."

परत आलेल्या वस्तूचे पैसे खर्चातून वजा होतात. चार लाखांना ४,७४० रुपये कमी पडत होते.

"अहो, मग फोनवरून काहीतरी मागवा," मी म्हणालो.

"घरात आता एक चमचा जरी आला," मेहुणी म्हणाली, "तर एक तर चमचा राहील नाही तर मी."

आधी माइलस्टोन, मग रायबाचं लग्न, अशा तडफेने साडू टेकाड उतरले. गावातल्या दुकानात बिस्किटं होती, मीठ होतं, काडेपेट्या, साबण, तंबाखूच्या पुड्या होत्या. साडूंनी विचारलं, "इथे पाच हजारांचं काय मिळेल?" दुकानदाराने मागे वळून दुकानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अख्खं दुकान घेतलंव तर होतील."

काउंटरवर क्यूआरचा कागद चिकटवलेला होता. साडूंचे डोळे लकाकले. सप्टेंबर २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. त्यांनी दुकानदाराला गळ घातली की पैसे तुम्हाला पाठवतो, तुम्ही तेवढी रोकड मला द्या. हे बँकेच्या नियमात बसत नाही, हे दुकानदाराला ठाऊक नव्हतं आणि साडूंना ठाऊक असून विसरायचं होतं. पण क्रेडिट कार्डाचे पैसे व्यापारी खात्याच्या क्यूआरलाच जातात आणि हा क्यूआर होता दुकानदाराच्या मुंबईतल्या मुलाच्या साध्या खात्याचा. शिवाय गल्ल्यात चारशे रुपये होते.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आजींनी जुना फोन पुढे केला. "दादा, ह्यो बोलंना झालाय बघ. पोरगा परळात हाय. तेचा फोन येत नाय."

साडूंनी फोन पाहिला. रिचार्ज संपला होता. त्यांनी एकदा आजींकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे. मला दिसलं, त्यांना पुडिंग सापडलं होतं.

पुढच्या तासाभरात कुडपणच्या जांभळीखाली जे घडलं ते फिलिप्सने पाहिलं असतं तर त्याने साडूंना मिठी मारली असती. पावसाची भुरभुर चालू. मी छत्री धरलेली. साडू फोन आकाशाकडे धरून न हलता उभे, आणि समोर माणसं डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन रांगेत. प्रत्येकाचा नंबर घ्यायचा, ८४ दिवसांचा मोठा रिचार्ज मारायचा, तेवढे पैसे रोख घ्यायचे. रेंज मधेच जायची, मग सगळी रांग श्वास रोखायची. टिंग वाजलं की मागून कुणीतरी "झाला!" म्हणायचं. सहा रिचार्ज झाले, एकूण ४,९७३ रुपये. चौघांनी मोजून ३,२५५ रुपये दिले. उरलेले १,७१८ उधार, ८५९ दुकानदाराचे आणि ८५९ आजींचे.

"भात घरात आलं की देते," आजी म्हणाल्या. "पळून नाय जायची. ह्या डोंगरातनं पळून जायाचं कुठं?"

मग त्यांनी आम्हाला घरी नेऊन नाचणीची भाकरी आणि करटुल्यांची भाजी वाढली. जेवणाचे पैसे घेतले नाहीत. साडूंना त्याचंही जरा वाईट वाटलं. घेतले असते तरी कार्डाने देता आले नसते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

महिन्याने कार्डाचं स्टेटमेंट आलं. बोनस नव्हता. साडूंनी फोन केला, ईमेल केले. शेवटी नियमांचं पत्रक चष्मा लावून वाचलं. तिथे अगदी खाली, सहा पॉइंटांच्या टायपात छापलं होतं की वीज, केबल आणि मोबाइलची देयकं वार्षिक खर्चात धरली जाणार नाहीत. या सगळ्या उद्योगात साडूंना मिळालेले पॉइंट तेवढेच, सहा.

मी त्यांचं सांत्वन केलं. म्हटलं, "हे बघा, तुम्ही बिल वेळेवर भरता म्हणून तुम्हाला हा खेळ परवडतो. दर महिन्याला थकबाकी ठेवणाऱ्याकडून बँक महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घेते. वर्षाचे झाले बेचाळीस. तुमचे पॉइंट काही अंशी त्यातूनच येतात. दुसऱ्याच्या व्याजावर आपण वडापाव खातोय." साडू म्हणाले, "ते मला माहीत आहे. आजींचे ८५९ कधी आणायचे ते सांगा."

तर दिवाळी उलटल्यावर आम्ही पुन्हा कुडपणला गेलो. आकाश निळं, दरी स्वच्छ, भीमाची काठी बोट वर करून उभी. मळणी झालेली होती. दुकानदाराने पैसे तयार ठेवले होते. आजींनीही कनवटीची गाठ सोडून ८५९ रुपये मोजून दिले. सुट्टे नऊसुद्धा. साडूंना अगदी भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची उधारी कुणीतरी वेळेवर चुकती केली होती.

मग आजींनी फोन पुढे केला.

"परवाच संपला बघ. आता परत मार. पैसे शिमग्याला देते, पोरगा येतो तवा."

साडू बघत राहिले. बँक त्यांना बिनव्याजी देते जेमतेम पन्नास दिवस, आणि तेवढ्यासाठी त्यांनी सात कार्डं, एक एक्सेलचा तक्ता आणि पाठीचं दुखणं सांभाळलंय. आजींकडे एकही कार्ड नाही. त्यांना ८४ दिवस मिळाले होते आणि आता त्या चार महिने मागत होत्या. शिवाय वसुलीला बँक घरी चालत येत होती.

आमची ही गाडीतूनच म्हणाली, "भावोजी, मारा. वर्षाची फी नाही घेतली म्हणजे मिळवलं."

साडू मुकाट्याने जांभळीकडे चालू लागले.

शिमग्याला आम्हाला पुन्हा कुडपणला जायचं आहे. जाऊन-येऊन पेट्रोल तीन हजारांचं लागतं, आणि पेट्रोलवर पॉइंट मिळत नाहीत.