‘बाकी’ जपणारे सॉफ्टवेअर

सीएच्या ऑफिसचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की लोक किंमत विचारतात, क्लाउडवर आहे का, मोबाइलवर चालते का, असली चौकशी करतात. हे सगळे दुय्यम आहे. विचारायचा प्रश्न एकच: कोणते काम नेमके कोणापाशी अडले आहे, हे या सॉफ्टवेअरमुळे ऑफिसात सगळ्यांना कळणार आहे का? कळणार असेल तर घेऊ नये. ते आजवर कुणाला कळलेले नाही, म्हणूनच सर, आर्टिकल म्हणून शिकणारी मुले आणि क्लायंट एकमेकांशी अजून बोलतात.

ही शांतता कशावर उभी आहे ते आधी समजून घ्यावे. टीडीएस भरायची ७ तारीख, जीएसटीआर-१ ची ११, ३बीची २०, शिवाय वर्षातून चारदा अॅडव्हान्स टॅक्सची १५. ही सगळी जपमाळ ऑफिसातल्या जुन्या काकांच्या डोक्यात असते आणि उरलेले त्यांच्या लाल वहीत. वहीत ‘पाटील – बाकी’ एवढेच लिहिलेले असते. बाकी म्हणजे कागद यायचे बाकी, रिटर्न भरायचे बाकी, सरांची सही बाकी की पाटलांकडून फी बाकी, हे एकट्या काकांना ठाऊक. मराठीतला एवढा सोयीचा शब्द सॉफ्टवेअरला मात्र पचत नाही. ते चारही बाक्यांना वेगवेगळे रकाने देते आणि प्रत्येक रकान्यासमोर नाव आणि तारीख मागते. मग असे दिसते की कागद वेळेत आले, आर्टिकलने कामही उरकले, आणि फाइल गेले १९ दिवस सरांच्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्याने फडफडते आहे.

म्हणून डेमोच्या वेळी नीट लक्ष द्यावे. डेमोतला क्लायंट नेहमी ‘एबीसी ट्रेडर्स’ असतो. तो बँकेचे स्टेटमेंट स्वतःहून पाठवतो, ओटीपी पहिल्या फोनला सांगतो आणि बिल आले की त्याच दिवशी पैसे भरतो. (असा क्लायंट कुठे असतो ते कंपनीच्या माणसाला विचारावे; सॉफ्टवेअरपेक्षा तो पत्ता जास्त मोलाचा आहे.) शेवटी तो माणूस मोठ्या अभिमानाने ‘कोणाकडे किती दिवस’ हा तक्ता उघडतो. तिथे त्याला थांबवून शांतपणे विचारावे, “हे बंद करता येतं का?” येत असेल तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे ‘काम चालू’ या शेऱ्यावर ठरते. तो कुणालाही, केव्हाही, तारीख न घालता देता आला पाहिजे. टाइमशीटची धास्ती घेऊ नये. आर्टिकल मुले ती शनिवारी संध्याकाळी एका बैठकीत भरतात, रोजचे आठ तास, ना कमी ना जास्त. सर स्वतःची भरत नाहीत. त्यामुळे रोज तासभर फोनवर सल्ला घेणारा क्लायंट हिशेबात फायद्याचाच दिसत राहतो.

यावर कोणी म्हणेल, तारीख चुकली तर ३बीला दिवसाला ५० रुपये लेट फी बसते, सॉफ्टवेअर आठवण तरी करून देईल. पण २० तारीख विसरते कोण? चहा आणणाऱ्या पोऱ्यालाही ती पाठ असते. अडते ते ओटीपीपाशी, कारण ज्याच्या मोबाइलवर तो येतो तो माणूस त्या वेळी लग्नाच्या पंगतीत असतो. आणि तारखा तरी कुठे जागेवर राहतात! २०२५ साली आयकराच्या ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबर आधी ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर. साधी रिटर्ने ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढून मिळाला. ज्याने सॉफ्टवेअरमधली लाल अक्षरे पाहून जुलैत धावपळ केली, त्याच्यापेक्षा काकांची वही शहाणी ठरली.

दुसरा आक्षेप मात्र बिनतोड आहे: काका निवृत्त झाले तर? डिजिटल सह्यांची टोकन ज्या मिठाईच्या डब्यात आहेत, त्यातल्या दोन पेनड्राइव्हवर ‘एस. पाटील’ अशीच चिकटपट्टी आहे. कोणता सुरेशचा आणि कोणता त्याच्या भावाचा, हे कुठेच लिहिलेले नाही. यावर उपाय आहे. दोन महिने काकांशेजारी बसून वहीतल्या प्रत्येक ‘बाकी’पुढे कशाची आणि कोणाकडे, एवढे लिहून घ्यावे. पण हा उपाय धोक्याचा आहे. एवढे लिहून झाले की साध्या एक्सेलवरही काम भागते आणि सॉफ्टवेअर घ्यायचे कारणच उरत नाही. ज्यांना सॉफ्टवेअर घ्यायचेच आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

खरेदी एप्रिलमध्ये करावी, तेव्हा हाताला थोडी उसंत असते. प्रशिक्षण शनिवारी ठेवावे आणि काकांना त्या दिवशी बँकेत पाठवावे. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मिठाईच्या डब्यात टाकावा. वर्ष सरले की कंपनीचा नूतनीकरणासाठी फोन येतो. तेव्हा गोंधळून न जाता लाल वही उघडावी. काकांनी नोंद करून ठेवलेलीच असते: ‘सॉफ्टवेअर – बाकी’.