पगार कोणी सोडायचा?

ख्रिस्ती मंडळीत काही बिघडलं की पहिला उपाय ठरलेला: कमिटी. कमिटीने भागलं नाही तर घटनादुरुस्ती, मग निवडणूक, आणि निवडणूक हरलो तर कोर्ट. प्रार्थना असतेच, बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी. मधले तीन तास ती बाहेर थांबते.

सुधारणा झाल्या नाहीत असं कोण म्हणेल? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) वसईत मिस्सा लॅटिन सोडून मराठीत आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मोठीच गोष्ट! पण मिशनच्या बंगल्या-जमिनींचे दावे लागायचे ते लागलेच. आणि आपल्याकडची लग्नाची स्थळं पाहा. ख्रिस्तात सारे एक, फक्त 'मुलीकडचे मूळचे कोण?' हे कळेपर्यंत चहा थंड होतो. याला कोणती घटनादुरुस्ती करणार? घटनेत जात नाहीच, ती बैठकीच्या खोलीत आहे.

नियम बदलून माणसं बदलत नाहीत, हे दुखणं कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना चांगलं ठाऊक होतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने अमेरिकन मराठी मिशनमध्ये उमेदीची वर्षं घातली. गोऱ्या साहेबांच्या वर्चस्वावर ते चिडत. आपल्यासारखे असते तर निवेदन दिलं असतं, शिष्टमंडळ नेलं असतं. १९१७ साली टिळकांनी काय केलं? मिशनचा पगारच सोडला. तक्रार मिशनची, कात्री स्वतःच्या खिशाला! मग साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताच्या मागे जाऊ पाहणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. आजच्या एखाद्या कमिटीपुढे हा विषय ठेवून बघा. पहिला प्रश्न येईल, बाप्तिस्मा न घेतलेल्यांना मताचा अधिकार राहील का?

केडगावचं उदाहरण तर आणखी अडचणीचं. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृतीची लाट आली. मुली रडरडून पापं कबूल करू लागल्या. स्वतःची पापं, बरं का. दुसऱ्याची पापं वाचून दाखवायला आपल्याकडे वार्षिक सर्वसाधारण सभा आहे.

हिशेब चोख असावेत, निवडणुका सरळ व्हाव्यात, याबद्दल वाद नाही. चोराच्या हाती अर्पणाची थैली द्या, असं टिळकही म्हणाले नसते. पण सुधारणा आपल्याला इतकी प्रिय का, तर ती नेहमी पलीकडच्या गटाची करायची असते. बदलायचे असतात ते बिशप, पाळक, खजिनदार. आपण तर आधीपासून तारलेलेच.

'दरबार टिकला कुठे?' असं शहाणे लोक विचारतात. बरोबर आहे. मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार ओसरला. टिकाऊपणाच मोजायचा तर आपल्या मालमत्तेच्या दाव्यांना तोड नाही. वादी गेले, प्रतिवादी गेले, वकिलांची मुलं वकील झाली. सार्वकालिक जीवन कोणाला लाभलंच असेल, तर त्या दाव्यांना.